सह्याद्री पाहणारा डोळा : विल्यम वेस्टॉल, बोरघाट आणि माहुलीच्या पायथ्याचे तळे

१/
इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात केझिक नावाचे छोटे गाव आहे. गावाला लागून डर्वेंटवॉटर हे सरोवर आहे आणि सरोवरामागे स्किडॉ पर्वताची रांग. १८२० साली लंडनमध्ये या परिसराच्या देखाव्यांचा एक चित्रसंच प्रसिद्ध झाला. चित्रकाराचे नाव विल्यम वेस्टॉल. शांत पाणी आणि धुक्यात विरघळणारे डोंगर रंगवणाऱ्या याच हाताने सोळा वर्षांपूर्वी कार्ल्याची लेणी आणि सह्याद्रीचे घाट कागदावर उतरवले होते.

२/
रोमँटिक काळातील निसर्गचित्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर युरोप येतो. टर्नरचे स्वित्झर्लंड येते, इंग्लंडचा सरोवरांचा प्रदेश येतो. परंतु त्याच काळात, त्याच चित्रशैलीत ठाणे, कल्याण, घारापुरी आणि बोरघाटही रंगवले जात होते. त्या चित्रांत आपला प्रदेश कसा दिसला, काय दिसले आणि काय दिसलेच नाही, याचा हा धागा.

३/
आधी ही चित्रे वाचायची कशी ते पाहू. सरोवर आणि पर्वत यांच्या तत्कालीन चित्राची रचना बहुधा तीन पट्ट्यांची असे. सर्वांत जवळचा पट्टा गडद : एखादे वाकडे झाड, खडक, चार गुरे, एखादा वाटसरू. मधला पट्टा उजळ आणि सपाट : पाणी. सर्वांत मागे फिकट निळे डोंगर. नजर अंधारातून निघते, पाण्यावर विसावते आणि डोंगरांत हरवते. हा प्रवास घडावा यासाठीच चित्रकार झाडे आणि खडक यांच्या जागा थोड्याफार बदलत असे.

४/
या दृष्टीला इंग्रजीत ‘पिक्चरेस्क’ असे नाव पडले. मराठीत ‘चित्रोपम’ म्हणता येईल. विल्यम गिल्पिन या पाद्र्याने तिचे नियम लोकप्रिय केले. सरोवरांच्या प्रदेशावरील त्याचा प्रवासग्रंथ १७८६ मध्ये छापला गेला. नियमांवर त्याची श्रद्धा एवढी की, टिंटर्नच्या पडक्या मठाच्या भिंती त्याला फारच सरळ वाटल्या, आणि हातोड्याचे काही घाव घातले तर त्या अधिक शोभतील असे त्याने लिहून ठेवले.

५/
हौशी प्रवासी खिशात ‘क्लोद काच’ बाळगत. सतराव्या शतकातील चित्रकार क्लोद लोरां याच्या नावाने ओळखला जाणारा हा छोटा, काळसर, फुगीर आरसा. प्रवासी प्रत्यक्ष देखाव्याकडे पाठ करून उभा राही आणि आरशातले प्रतिबिंब पाही. त्यात रंग मवाळ होत, तपशील गळून पडत, आणि डोंगर चौकटीत बसत. मोबाइलच्या फिल्टरचा हा पूर्वज समजण्यास हरकत नाही.

६/
चित्रोपमाच्या जोडीला दुसरी कल्पना होती ‘उदात्त’ अथवा ‘सब्लाइम’ची. एडमंड बर्कने १७५७ मध्ये तिचे विवेचन केले. कडा, वादळ, खोल दरी यांच्यापुढे मनुष्य थरारतो, आणि आपण सुरक्षित अंतरावर आहोत हे ठाऊक असल्यामुळे त्या थरारातच त्याला आनंद मिळतो, असा त्याचा आशय. ‘सुरक्षित अंतर’ हे शब्द ध्यानात ठेवावेत. सह्याद्रीच्या चित्रांकडे येताना त्यांची गरज पडेल.

७/
ही दृष्टी घेऊन चित्रकार भारतात येऊ लागले. विल्यम हॉजेस १७८० मध्ये आला. टॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम डॅनियल यांनी देश पालथा घातला आणि १७९३ मध्ये ते मुंबईला पोहोचले. तेथे स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स १७९१ पासून काम करत होता. वेल्सने रंगवलेले मुंबई बेट आणि आसपासचे बारा देखावे त्याच्या मृत्यूनंतर, १८०० मध्ये, छापून निघाले.

८/
या कथेत एक मराठी हातही आहे. पुण्यात इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट होता. त्याच्या आणि वेल्सच्या सहवासात गंगाराम चिंतामण तांबट या चित्रकाराने पाश्चात्त्य पद्धतीचे रेखाटन आत्मसात केले आणि लेण्यांची चित्रे काढली. त्यांतील अनेक चित्रे आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहात आहेत. सवाई माधवरावांच्या पुण्यात ही नवी नजर शिकली जात होती, ही गोष्ट आपल्या कलेतिहासात अजून पुरेशी रुजलेली नाही.

९/
वेस्टॉलचे भारतात येणे हा मात्र योगायोग होता. मॅथ्यू फ्लिंडर्स ऑस्ट्रेलियाचा किनारा मोजण्यासाठी ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजातून निघणार होता. निसर्गचित्रकार म्हणून आधी विल्यम डॅनियलची निवड झाली होती. त्याचा विवाह वेस्टॉलच्या बहिणीशी ठरला आणि त्याने माघार घेतली. ती जागा एकोणीस वर्षांच्या विल्यम वेस्टॉलला मिळाली. जहाज १८०१ मध्ये निघाले.

१०/
ऑगस्ट १८०३. परतीच्या वाटेवर ‘पॉर्पस’ हे जहाज प्रवाळाच्या खडकावर आदळून फुटले. वेस्टॉलची रेखाटने भिजली. ती वाळूवर वाळत घातली असता जहाजावरून वाचवलेल्या मेंढ्या त्यांवरून चालत गेल्या, अशी आठवण त्या प्रवासाच्या वृत्तांतांत येते. वेस्टॉल तेथून चीनमधील कँटनला पोहोचला. जानेवारी १८०४ मध्ये त्याने जोसेफ बँक्सला पत्र लिहिले. ऑस्ट्रेलियाच्या उजाड किनाऱ्याने आपली निराशा केली, अशी त्याची तक्रार होती. त्याला हिरवा, भरगच्च पूर्व देश पाहायचा होता.

११/
त्याच १८०४ साली तो मुंबईत उतरला. घारापुरी पाहिली, घाट चढून कार्ल्यापर्यंत गेला आणि सह्याद्रीची रेखाटने केली. बावीस वर्षांच्या चित्रकाराला हवे ते सारे येथे होते : ताशीव कडे, दाट रान, दगडात कोरलेली लेणी. १८०५ मध्ये तो इंग्लंडला परतला. पुढे १८१२ मध्ये तो रॉयल अकॅडमीचा सहसदस्य झाला.

१२/
आता १८०४ हे साल जरा थांबून पाहू. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ शिंदे व पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरा बाजीराव पळून वसईला गेला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने इंग्रजांशी तह केला. भिवंडीपासून खाडीच्या वाटेने वसई दूर नाही. मराठी सत्तेचा हा निर्णायक कागद आपल्या परिसरातच लिहिला गेला. एप्रिल १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली पुण्यात पोहोचला. २३ सप्टेंबरला असई झाली.

१३/
युद्धामागून दुष्काळ आला. फौजांनी उभी पिके तुडवली होती, बैल नेले होते, धान्य लुटले होते. त्यातच १८०३ मध्ये पावसाने दगा दिला. १८०४ मध्ये पुणे-नगर प्रांतात माणसे अन्नावाचून मेली. उपाशी माणसांचे तांडे घाट उतरून कोकणात आणि मुंबईकडे आले. म्हणजे ज्या वर्षी वेस्टॉल घाट चढत होता, त्याच वर्षी अनेक कुटुंबे तोच सह्याद्री उतरत होती.

१४/
बोरघाटाची वाटही त्या दिवसांत केवळ प्रवासाची वाट उरली नव्हती. मुंबई, पनवेल, बोरघाट, पुणे हा वेलस्लीच्या सैन्याच्या रसदीचा मार्ग होता. चित्रकाराला घाटमाथ्यावर निर्धास्त उभे राहता आले, कारण त्या वाटेवर इंग्रजी बंदोबस्त होता. बर्कचे ‘सुरक्षित अंतर’ येथे सैन्याने निर्माण केले होते.

१५/
पुढे १८२६ ते १८३० या काळात रॉबर्ट मेल्व्हिल ग्रिंडले या कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्याने पश्चिम भारताचे देखावे, वेशभूषा आणि वास्तू यांचा भव्य चित्रग्रंथ लंडनमध्ये काढला. त्यात ३६ रंगीत चित्रे होती. ग्रिंडलेची काही रेखाटने वेस्टॉलने छपाईसाठी नव्याने चितारली. या ग्रंथात बोरघाटाच्या माथ्यावरून दिसणारा देखावा आहे, मुंबई बंदरावर चालून येणारा पावसाळा आहे आणि ‘कल्याणहून दिसणारे सकाळचे दृश्य’ही आहे. भिवंडीहून खाडी ओलांडली की कल्याण. आपल्या टापूची सकाळ लंडनच्या दिवाणखान्यांत अशी पोहोचली.

१६/
ही चित्रे ‘ॲक्वाटिंट’ पद्धतीने छापली जात. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक भुकटी तापवून चिकटवायची आणि पत्रा आम्लात बुडवायचा. भुकटीच्या कणांमधील जागा आम्ल खाते, तेथे शाई धरते, आणि जलरंगासारख्या फिकट-गडद छटा उमटतात. जो भाग अधिक वेळ आम्लात, तो अधिक काळा. छापल्यावर प्रत्येक प्रत हाताने रंगवली जाई. सह्याद्रीवरचे धुके दाखवायला याहून योग्य तंत्र त्या काळी क्वचितच असेल. एकामागून एक फिकट होत जाणाऱ्या डोंगररांगा पावसाळा सरतानाच्या सकाळी आपण आजही तशाच पाहतो.

१७/
म्हणून या चित्रांचा आनंद नाकारण्याचे कारण नाही. डोंगर हा स्वतंत्रपणे चित्राचा विषय होऊ शकतो. देव, राजा किंवा युद्ध त्यात नसले तरी चालते, ही जाणीव त्यांनी दिली. दीडदोनशे वर्षांपूर्वीच्या कड्यांची, रानांची, वाटांची नोंद त्यांनी ठेवली. मात्र त्या चित्रांत युद्ध आणि भूक नाही. गडद पट्ट्यातील वाटसरू हा प्रमाण दाखवण्यासाठी उभा असतो. तो कोठून आला आणि जेवला की नाही, हा त्या चौकटीचा विषयच नव्हता.

१८/
याच डोंगराकडे मराठी नजर कशी पाहत होती? रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, १७१६ च्या सुमारास, दुर्गांविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. किल्ला बांधण्यापूर्वी आधी पाण्याची खात्री करावी. पाणी नसेल आणि स्थळ बांधणे भागच असेल तर खडक फोडून तळी, टाकी करावीत, असा त्यातील उपदेशाचा भाव. येथे डोंगर आणि पाणी दोन्ही आहेत, पण ते देखावा म्हणून एकत्र येत नाहीत. तहान आणि संरक्षण त्यांना एकत्र आणतात. माहुलीचेच पाहा : १६३६ मध्ये शहाजीराजांनी निजामशाही वाचवण्याचा अखेरचा प्रयत्न याच गडावरून केला. आणि १६५७ मध्ये शिवरायांनी कल्याण-भिवंडी घेतली, तेव्हा हे डोंगर कोकणातल्या वाटांचे पहारेकरी होते.

१९/
येथे एक सूक्ष्म अडचण दिसते. इंग्लंडच्या सरोवर-प्रदेशाच्या सूत्रात मधला पट्टा पाण्याचा असतो. सह्याद्रीत तसे पाणी फारसे नव्हते. येथील पाणी चार महिने कड्यांवरून कोसळते आणि उरलेले आठ महिने विहिरीत, टाक्यात, माणसाने बांधलेल्या तळ्यात राहते. डोंगरांच्या कुशीतील विस्तीर्ण, बारमाही सरोवर हे सह्याद्रीचे स्वाभाविक रूप नव्हे. युरोपीय चित्रकारांना येथे खाडी, नदी आणि समुद्र यांवर मधला पट्टा भागवावा लागे.

२०/
तो पट्टा नंतर भरला गेला, आणि तो भरला शहरांच्या तहानेने. वाढत्या मुंबईसाठी १८६० मध्ये विहार तलाव झाला, १८७९ मध्ये तुळशी. तेही अपुरे पडल्यावर आजच्या शहापूर तालुक्यात, माहुलीच्या परिसरात, तानसा नदीवर सुमारे पावणेतीन किलोमीटर लांबीचे दगडी धरण बांधण्यात आले. १८९२ मध्ये तानसाचे पाणी मुंबईला निघाले. हे नळ भिवंडी तालुक्यातूनच जातात.

२१/
नेमक्या याच वर्षांत वेस्टॉलच्या लाडक्या प्रदेशात काय चालले होते? केझिकच्या आग्नेयेला थर्लमिअर नावाचे सरोवर आहे. कापडगिरण्यांच्या मँचेस्टरला पाणी हवे होते. १८७९ मध्ये संसदेने कायदा केला, धरणाने सरोवराची पातळी उंचावली आणि १८९४ मध्ये ते पाणी ९६ मैलांचा प्रवास करून मँचेस्टरला पोहोचले. जॉन रस्किनसारख्या लेखकांनी या योजनेला कडाडून विरोध केला. हरले, पण त्या वादातून निसर्गरक्षणाची चळवळ उभी राहिली. १८९५ मध्ये स्थापन झालेल्या ‘नॅशनल ट्रस्ट’च्या तीन संस्थापकांपैकी एक, हार्डविक रॉन्स्ली, केझिकचाच पाद्री होता.

२२/
१८९२ आणि १८९४. एक कापडाचे शहर मुंबई, दुसरे मँचेस्टर. दोन्ही शहरांनी दोन वर्षांच्या अंतराने दूरच्या डोंगरांतील पाणी आपल्याकडे वळवले. फरक एवढाच की थर्लमिअरच्या पाठीशी चित्रांची आणि कवितांची शंभर वर्षे उभी होती. वर्ड्‌स्वर्थने तर वेस्टॉलने चितारलेल्या यॉर्कशरच्या गुहांवरून १८१९ मध्ये सुनीते प्रसिद्ध केली होती. त्या प्रदेशाला ‘सुंदर’ हा दर्जा मिळालेला होता, म्हणून त्याच्यासाठी संसदेत भांडता आले. तानसाच्या खोऱ्याला तसा दर्जा कोणी दिलेला नव्हता.

२३/
सौंदर्याच्या आधारावर नव्हे, तर जमिनीच्या हक्कावर असा लढा महाराष्ट्रात उभा राहिला तो मुळशीत. टाटांच्या वीजयोजनेसाठी मुळा-नीळा खोऱ्यातील गावे बुडणार होती. १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला आणि सेनापती बापट त्याचे नेते झाले. लढा हरला, धरण झाले. आज पावसाळ्यात मुळशीच्या काठावर थांबून लोक छायाचित्रे काढतात : जवळ झाड, मध्ये पाणी, मागे धुक्यातले डोंगर. गिल्पिनचे तिन्ही पट्टे जागच्या जागी. मधल्या पट्ट्याच्या तळाशी शेते आणि घरांचे चौथरे आहेत.

२४/
निसर्गचित्र पाहण्याची एक शिस्त यातून हाती येते. पहिल्यांदा ते निखळ डोळ्यांनी पाहावे : गडद कोठे, उजेड कोठे, नजर कोठे थांबते. दुसऱ्यांदा पाहताना तीन प्रश्न विचारावेत. चित्रकार जेथे उभा आहे तेथे तो कोणाच्या बळावर पोहोचला? त्या वर्षी त्या वाटेवर आणखी कोण होते? आणि चित्रातले पाणी कोणाचे? पहिले पाहणे टाळले तर चित्र हातचे जाते. दुसरे टाळले तर इतिहास.

२५/
भिवंडीसाठी हे प्रश्न दूरचे नाहीत. येथे हातमागांच्या जागी यंत्रमाग आले, गाव कापडाचे शहर झाले, आणि पाणी व वीज या दोन्हींचा हिशेब इथल्या घराघरात रोज होतो. कामतघरचा वऱ्हाळदेवी तलाव शहराची तहान भागवत आला आहे आणि गणपतीही त्यात विसर्जित होतात. देखावा, देवस्थान आणि पाणीसाठा ही तिन्ही रूपे एकाच तळ्यात नांदतात. त्याचे चित्र काढणाऱ्याला तिन्ही दाखवावी लागतील.

२६/
पावसाळा संपता संपता माहुलीचे सुळके स्वच्छ दिसू लागतात आणि तानसा काठोकाठ भरलेला असतो. जवळ साग-ऐनाचे गडद रान, मध्ये उजळ पाणी, मागे निळसर कडे. वेस्टॉलने केझिकला जे रंगवले ते आज शहापुरात तयार उभे आहे. १८०४ मध्ये तो या खोऱ्यात आला असता, तर त्याला पुढचे रान दिसले असते आणि मागचा गड दिसला असता. मधल्या जागी तेव्हा एक नदी वाहत होती, आणि तिच्या पाण्याची मुंबईला अजून गरज पडलेली नव्हती.